चालत्या गाडीला खीळ : नगरपरिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक

विषय : फिरत्या गाड्यांवरून खाद्यपदार्थ विकण्यास केलेली बंदी मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पाडव्याच्या तोंडावर आपण चौकाचौकांत फलक लावलेत. हद्दीत कुणीही हातगाडी, सायकल, तीनचाकी किंवा टेम्पो फिरवून खाण्याच्या वस्तू विकायच्या नाहीत. विकायचंच असेल तर बाजारतळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेमून दिलेल्या जागी उभं राहायचं. ऐकलं नाही तर गाडी जप्त. त्याच आठवड्यात नदीकाठच्या बागेत नव्या सेल्फी पॉइंटचा नारळ फुटला. तिथं उभी आहे फायबरची आईस्क्रीमची गाडी : गुलाबी-पांढरे पट्टे, गोल दिवे, वर इंग्रजी पाटी, खिडकीत हातभर उंचीचा कोन. अमेरिकन सिनेमात असते तशी. तिच्यात आईस्क्रीम मिळत नाही. फोटो मिळतो.

खरी गाडी गोदामात आणि खोटी बागेत, हा प्रकार मला गप्प बसून बघवेना, म्हणून हे पत्र. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र आपल्यासाठी आहेच, पण असलेच फलक छापायला टाकण्याच्या बेतात असलेल्या बाकीच्या नगरपरिषदांनीही ते वाचावं.

मी कोण, हे आपल्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. काही जण माझ्या वर्गात बसलेले आहेत आणि मधल्या सुट्टीनंतर लाल-नारिंगी जिभा घेऊन परत आलेले आहेत. पण आज बाई म्हणून लिहीत नाही. माझ्या वडिलांचा या गावात गारेगार कांडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, अमोनियावर चालणारा कॉम्प्रेसर, खाऱ्या पाण्याची टाकी आणि साचे. मिठाचं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी पटकन गोठत नाही. त्या गार खाऱ्या पाण्यात साखर, रंग नि इसेन्स घातलेल्या पाण्याचे साचे सोडायचे, वरून काड्या लावायच्या, आणि गोठले की साचा घटकाभर साध्या पाण्यात बुडवून कांड्या सुट्या करायच्या. मोडलेल्या कांड्या आम्हा पोरांच्या. त्यामुळे साचा जरा घाईनं ओढला गेला तर आम्हाला वाईट वाटायचं नाही.

उन्हं वर आली की दारात सायकली लागायच्या. मागं लाकडी पेटी, आतून पत्रा ठोकलेला, दोन्हींच्या मध्ये लाकडाचा भुसा, वरून ओलं गोणपाट. हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. वडील कांड्या मोजून द्यायचे आणि वहीत मांडायचे, हिशोब दिवे लागणीला. प्रत्येकाची लाईन ठरलेली : एक पुलापलीकडच्या वाड्यावस्त्यांना, एक हायस्कूल आणि एसटी स्टँडला, एक कापड गिरणीच्या चाळीकडे. दुसऱ्याच्या लाईनीत कुणी शिरायचं नाही. त्यासाठी कधी ठराव झाला नव्हता की रस्त्यावर पांढरे पट्टे मारले नव्हते. खेड्यात सुट्टे पैसे नसायचे, तिथं पसाभर ज्वारी, मूठभर शेंगा, रिकामी बाटली, तुटकी चप्पल, काहीही चालायचं. संध्याकाळी पेट्या उघडल्या की कांड्यांच्या जागी धान्य आणि भंगार. विरघळलेल्या मालाचं नुकसान निम्मं कारखान्याचं, निम्मं सायकलवाल्याचं. मे महिन्यात आभाळ आलं की सगळं गाव सुखावायचं आणि आमच्या घरात मात्र तोंडं उतरायची.

त्या काळी सगळं शुद्ध नि सात्त्विक होतं असं मी म्हणणार नाही. कांडीत साखरेबरोबर सॅकरिन असायचं आणि रंग कोणत्या प्रतीचा होता हे कुणी विचारायचं नाही. ओठ दोन दिवस लाल राहायचे, त्यावरून काय ते समजून घ्या. जुनं ते सोनं या चालीवर गळा काढायला हे पत्र नाही. त्या सायकली गेल्या त्या कुणाच्या हुकमानं गेल्या नाहीत. घरोघरी फ्रिज आले, विजेचा दर वाढला, किराणा दुकानाच्या दारात कंपन्यांचे काचेचे डीप फ्रीजर बसले, आणि कारखाना बंद पडला. वडिलांनी कुणाला दोष दिला नाही, मीही देत नाही. काळानं नेलं ते नेलं. पण जे काळालाही पुरून उरलं, त्याला आपण दोन ओळींच्या फलकानं उठवताय. तक्रार ती आहे.

काय उरलं होतं ते एकदा मांडते, कारण फलक लिहिणाऱ्यानं ते मोजलं असेल असं वाटत नाही. पहाटे पाववाल्याची सायकल, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक. दुपारी गारेगारवाले मामा, लाकडी पेटीच्या जागी आता थर्मोकोल. गोटी सोड्याची गाडी. रात्री जेवणं झाल्यावर मटका कुल्फीची हातगाडी, मडक्याला लाल फडकं आणि पितळी घंटा. आणि होळीपासून मिरगापर्यंत मेवाडचा टेम्पो.

या टेम्पोबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बागेतल्या फायबरच्या गाडीला खरा जवाब तो आहे. राजस्थानातल्या भीलवाडा भागातली पोरं दर उन्हाळ्यात अशा गाड्या घेऊन महाराष्ट्रभर येतात. टेम्पोच्या मागच्या हौद्यावर राजवाडा उभा केलेला असतो : कमानी, आरसे, पिसारा फुलवलेले मोर, पगडीवाला राजा आणि घुंगटातली राणी, कडेनं लुकलुकणारे दिवे. नावात हटकून मेवाड. मध्ये बर्फमिठात बसवलेला स्टीलचा डबा, त्यात गुलाबी नि पिस्तई आईस्क्रीम, वर टुटी-फ्रुटी आणि चेरी. पोरगा लांब दांड्याच्या चमच्यानं ते कपात थापतो, खालून दाबतो, वर शिखर काढतो. आमच्या गल्लीत टेम्पो वळला की आधी त्या दिव्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो नि मग गाडी दिसते. आईस्क्रीमची गाडी म्हणतात ती आपल्या मुलखात हीच. तिची नक्कल करायला फायबर लागत नाही, तिला फक्त गल्लीत येऊ द्यावं लागतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. फिरत्या विक्रेत्याला शेडमध्ये उभं करणं म्हणजे त्याला जागा देणं नव्हे, त्याचा धंदा बदलायला लावणं आहे. तो जागेवर जगत नाही, वेळेवर जगतो. पाववाल्याची वेळ सहा ते आठ. गारेगारची वेळ शाळेची मधली सुट्टी आणि दुपारचा एसटीचा थांबा. कुल्फीची वेळ रात्री नऊनंतर. आपल्या शेडमध्ये गिऱ्हाईक येतं ते आठवडी बाजाराच्या दिवशी, इतर दिवशी दुपारी तिथं कुत्री झोपलेली असतात. बर्फाचा माल घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसता येत नाही, गिऱ्हाइकापर्यंत जावंच लागतं, कारण माल दर मिनिटाला पाणी होत असतो. हे कळायला कारखान्यात जन्मावं लागतं असं नाही.

कायद्यालाही हे कळतं. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं नियमन करणारा कायदा २०१४ साली झाला, त्या वर्षीच्या १ मेपासून लागू झाला, आणि तो महापालिकांइतकाच नगरपरिषदा-नगरपंचायतींनाही बंधनकारक आहे. त्यात स्थिर विक्रेता आणि फिरता विक्रेता असे निरनिराळे प्रकार केलेले आहेत, आणि विक्रीचं प्रमाणपत्रही त्या त्या प्रकाराचं द्यायचं आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं आहे. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आपल्याकडे सर्वेक्षण झालं म्हणता. झालं खरं, पण बाजारपेठेत बसलेल्यांचं. फिरते त्या वेळी फिरत होते.

आणि हे सगळं ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बाया. आपली समिती अस्तित्वात आहे का? असेल तर हा निर्णय तिच्यापुढं आला होता का? पाववाल्याला विचारलं तर त्याला अशी काही समिती असते हेच माहीत नाही.

दुसरी तक्रार जप्तीची. फलक लागल्यावर चारच दिवसांत अतिक्रमणाची गाडी आली आणि कुल्फीची हातगाडी मडक्यासकट उचलून नेली. संध्याकाळची वेळ, नुकताच माल भरलेला. बर्फात मीठ नीट प्रमाणात घातलं तर ते मिश्रण उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत उतरू शकतं, आणि मडक्याचं तोंड वारंवार उघडलं नाही तर कुल्फी मध्यरात्रीपर्यंत टणक राहते. म्हणजे ती वाचवायला आपल्याकडे तासच्या तास होते. कुल्फीवाला कचेरीच्या दारात उभा होता, दंड भरायला तयार होता. साहेब नाहीत, उद्या या, असं त्याला सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याला मडकं परत मिळालं. अॅल्युमिनियमचे साचे खाऱ्या पाण्यात तरंगत होते आणि आत दूध. हातगाडी अजून मिळालेली नाही. उचललेल्या वस्तूंची यादी त्याला दिली नाही, पावती दिली नाही, पंचनामा केला असल्यास तो त्यानं पाहिलेला नाही.

त्याच कायद्यात याबद्दलही लिहिलंय. माल जप्त केला तर यादी करायची, सही करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल असेल तर त्यानं मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, टिकाऊ असेल तर दोन कामकाजाच्या दिवसांत. आणि जागेवरून हलवायचं असेल तर त्याआधी ३० दिवसांची नोटीस. चौकातला फलक म्हणजे नोटीस, असं आपलं म्हणणं असेल तरी त्याचे तीस दिवस कुठं भरले होते? मी नागरिकशास्त्र शिकवलंय, वकिली केलेली नाही. तरी एवढं वाचता येतं.

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे, कारण तिथं आपलं म्हणणं निम्मं बरोबर आहे. स्वच्छता. गाडीवरचा बर्फ कुठून येतो, पाणी कुठलं, हात कसे, हे विचारलंच पाहिजे. पण विचारायचं कुठं? बर्फ गाडीवर तयार होत नाही, तो कारखान्यातून लादीच्या रूपात येतो. गावात बर्फाचे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. खाण्याचा नसलेला, नुसता मासे नि इतर माल गार ठेवायला वापरायचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ सालापासून आहे. आपल्या बाजारात निळी लादी कुणी पाहिली आहे का? मी मासळीच्या ओट्यावरसुद्धा पांढरीच पाहते. म्हणजे जिथं एका तपासणीत साऱ्या गावाचा प्रश्न सुटतो तिथं कुणी फिरकत नाही, आणि साखळीतल्या सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात गरीब माणसाची गाडी उचलली की आरोग्य खातं जागं असल्याचा फोटो निघतो.

जाता जाता : दुकानातल्या चकचकीत कपावर बारीक अक्षरांत फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं, तेही कधी वाचून बघा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची चरबी लागते, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाची चालते. ते विकणं कायदेशीर आहे, माझा आक्षेप नाही. फक्त शुद्धतेचा सगळा भार हातगाडीच्याच खांद्यावर का, एवढंच विचारते.

चौथी, आवाजाची. इथं मी निम्मी नाही, तीन चतुर्थांश आपल्या बाजूची आहे. गेल्या काही वर्षांत गाड्यांवर रेकॉर्ड केलेले भोंगे आलेत, तीच चार वाक्यं दिवसभर. दुपारी जरा डोळा लागतोय तोच खिडकीखाली सुरू. मलाही वैताग येतो. पण घंटा आणि कर्णा यांत फरक आहे. पितळी घंटा दोन घरांपलीकडे ऐकू येते नि थांबते. माणसाच्या गळ्यातून निघालेली हाळी दम लागला की थांबते. थांबत नाही ते यंत्र. मग यंत्र बंद करा, माणूस कशाला बंद करता?

ज्या विलायतेची नक्कल आपण बागेत उभी केलीत तिथं हे कसं सोडवलंय बघा. इंग्लंडात आईस्क्रीमच्या गाड्यांनी धून किती वाजवायची याची सरकारी आचारसंहिता आहे. एका वेळी जास्तीत जास्त १२ सेकंद, दोन मिनिटांतून एकदाच, आणि कायद्यानं फक्त दुपारी १२ ते संध्याकाळी ७ या वेळातच. न्यूयॉर्क शहराच्या २००५ च्या नियमात गाडी चालत असताना गाणं लावायची मुभा, उभी राहिली की बंद. म्हणजे सेकंद मोजायची तयारी ठेवली की गाडी बंद करावी लागत नाही. आपल्याकडेही ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ते लग्नाच्या डीजेला लावायला जड जातात, पण कुल्फीवाल्याला लावायला कुणाची हरकत नसावी. त्याची घंटा त्यात आरामात बसेल.

पाचवी, वाहतुकीची. हातगाड्यांमुळे रस्ता अडतो म्हणे. पेठेत मारुतीच्या देवळासमोर दोन्ही बाजूंना चारचाकी लावलेल्या असतात, मधून रिक्षा जेमतेम जाते. त्यातल्या एका गाडीच्या जागेत दोन-तीन हातगाड्या मावतील, आणि हातगाडी निदान पाच मिनिटांनी पुढं सरकते. कंपन्यांचे माल पोचवणारे टेम्पो नि मोटारसायकली दिवसभर गल्लोगल्ली येतात, त्यांना फलक लागू नाही. त्यांच्यावर राग नाही, तीही पोटासाठी पळणारी पोरंच आहेत. पण मोबाईलवर मागवलेलं दारात आलेलं चालतं आणि हाक मारून थांबवलेलं चालत नाही, हा भेद कुठल्या नियमात बसतो?

त्या फरकाचा फटका कुणाला बसतो हेही सांगते. आमच्या आळीत मागच्या दारची एक आजी गुडघ्यांमुळे दोन वर्षं उंबरा ओलांडून बाहेर गेलेली नाही. सकाळचा पाव हा तिचा एकमेव स्वतः केलेला बाजार. खिडकीतून दोरीला पिशवी सोडायची, पैसे आधी घालायचे, पाव मोजून वर ओढायचे, एखादा करपलेला असला तर भांडायचं. सुनेनं मोबाईलवरून मागवून दिले तर पाव मिळेल, भांडण मिळणार नाही. एखाद्या दिवशी पिशवी खाली आली नाही तर पाववाला दारावर थाप मारतो. असं काम नगरपरिषदेला जमायचं झालं तर वेगळा विभाग उघडावा लागेल. शेडपर्यंत चालत जाऊन पाव आणू शकणारी माणसं दुकानातूनही आणतील. गाडी दारात येते ती ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या हातात दहाचीच नोट आहे अशा पोरांसाठी.

शेवटची तक्रार बागेतल्या त्या गाडीची. तिच्यावर किती खर्च झाला ते माहितीच्या अधिकारात विचारणार आहेच. पण ज्या मूळ गाडीवरून ती घेतली तिची गोष्ट आपल्याला सांगाविशी वाटते. ओहायोतल्या यंग्सटाउन गावी हॅरी बर्ट नावाच्या मिठाईवाल्यानं १९२० साली चॉकलेटचं कवच असलेलं आईस्क्रीम काडीवर लावलं, गुड ह्यूमर नाव दिलं, आणि घंटा बांधलेल्या बारा गाड्या गल्लोगल्ली पाठवल्या. पांढऱ्या गणवेशातले त्यांचे चालक पुढं अमेरिकाभर ओळखीचे झाले. मग तिकडेही सुपरमार्केट आलं, घरात फ्रीजर आले, आणि सत्तरच्या दशकात कंपनीनं गाड्यांचा धंदा आवरता घेतला. आज १९३८ सालची त्यांची एक गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेली आहे. धंदा संपला, मग गाडी संग्रहालयात गेली, हा क्रम समजण्यासारखा आहे. आपण आधी पुतळा बसवलात आणि जिवंत माणसाला मागाहून हलवताय. तेही दुसऱ्याच कुणाचा पुतळा. या गावातल्या एकाही आजोबांनी लहानपणी त्या गुलाबी गाडीतून काही घेतलेलं नाही. बागेत नातवाबरोबर उभे राहून त्यांनी कशाची आठवण काढायची?

तेव्हा मागण्या अशा :

१. फिरत्या विक्रीवरची सरसकट बंदी मागे घ्यावी. फिरत्या विक्रेत्यांचं वेगळं सर्वेक्षण पहाटे, दुपारी आणि रात्री, ते जेव्हा फिरतात तेव्हा करावं. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या गाड्यांनाही त्यात धरावं आणि फिरत्या विक्रेत्याचंच प्रमाणपत्र द्यावं.

२. जप्त केलेल्या गाड्या यादीनिशी परत कराव्यात. ज्यांचा नाशवंत माल कचेरीच्या आवारात खराब झाला त्यांना भरपाई द्यावी. यापुढं संध्याकाळी जप्ती करायची असेल तर दंड भरून घेणारा माणूसही संध्याकाळी हजर ठेवावा.

३. नगर पथविक्रेता समितीची निवड नियमाप्रमाणे करावी आणि तिच्यात निदान एक जण फिरत्या विक्रेत्यांमधला असावा.

४. रेकॉर्ड केलेले भोंगे बंद करावेत. घंटा, रबरी भोंगा आणि हाळी यांना रात्री दहापर्यंत मुभा असावी. दवाखान्याजवळ आणि वर्ग चालू असताना शाळेजवळ शांतता, याला कुणाचा विरोध नाही. मधल्या सुट्टीत फाटकापासून किती अंतरावर उभं राहायचं ते आखून द्यावं.

५. उन्हाळ्यात दर महिन्याला बर्फाच्या कारखान्यांतलं पाणी तपासून घ्यावं आणि अहवाल कचेरीच्या फलकावर लावावा. निळ्या बर्फाचा नियम पाळायला लावावा. अन्न सुरक्षा विभाग आपल्या अखत्यारीत येत नाही हे मला माहीत आहे, पण त्यांना पत्र लिहिणं येतं.

६. बागेतली फायबरची गाडी काढू नये, पैसे गेलेत ते गेलेत. तिच्या शेजारी संध्याकाळी दोन खऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा द्यावी. फोटो काढून झाल्यावर पोरं आईस्क्रीम कुठंय म्हणून विचारतात, त्यांना उत्तर मिळेल.

भरपाई नि पाण्याची तपासणी सोडली तर यातल्या एकाही मागणीला वेगळा निधी लागत नाही. पहिल्या तिन्हींचा गाभा तर कायद्यातच आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही विनंती. त्या दिवशी आमच्या आळीतल्या बाया आणि ज्यांचा धंदा बसलाय ती मंडळी ऐकायला येणार आहेत, तेवढ्या खुर्च्यांची व्यवस्था असावी. या मागण्यांच्या निवेदनावर सह्या घेणं चालू आहे. सह्यांचे कागद सध्या पाववाल्याच्या सायकलीवरून दारोदार फिरताहेत. कागद खाण्याचा पदार्थ नसल्यामुळे आपल्या फलकाचा त्यानं भंग होत नाही, याची खात्री करून घेतली आहे.

उत्तर लेखी मिळावं. तोंडी आश्वासन नको, ते कुल्फीवाल्याला मिळून झालंय.

आपली,
पेठेतली एक करदाती, निवृत्त शिक्षिका

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी